जानेवारीत मॉन्ट्रियल, सोबत सासूबाई : अनुभवी लोकांनी बोला

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. मुलगी मॉन्ट्रियलला शिकते, दुसरं वर्ष चालू आहे. उन्हाळ्यात जायचं दोनदा ठरलं आणि दोनदा फिसकटलं. आता यांच्या रजेला आणि तिच्या वेळापत्रकाला जुळणारे म्हणून जानेवारीचे शेवटचे नऊ दिवस हाती लागलेत. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७१, गुडघे अजून साथ देतात, हौस दांडगी. व्हिसा आले, तिकिटं काढली. आता ज्याला सांगावं तो कपाळावर हात मारतो. माझा भाऊ तर म्हणाला, "म्हातारीला फ्रीजमध्ये ठेवायला नेताय का?"

तर कपडे इथून न्यावेत का तिथे घ्यावेत? नऊ दिवस घरातच बसावं लागणार का? आम्ही तिघंही शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत.

राहायला प्लॅटो नावाच्या भागात एक सुंदर घर बघून ठेवलंय. बाहेरून नक्षीदार लोखंडी गोल जिना, वर झाडांची सावली, फोटो बघूनच प्रेमात पडले.

थंडोबा

अबोलीताई, इथे राहून १४ वर्षं झाली, म्हणून हक्कानं सांगतो. बाकी सगळं नंतर, आधी ते घर रद्द करा. आजच.

तो फोटो जुलैतला आहे. झाडांना पानं दिसतायत ना? जानेवारीत त्या झाडाचा खराटा झालेला असतो आणि त्या जिन्यावर बर्फ. मॉन्ट्रियलच्या जुन्या वस्त्यांत दुमजली-तिमजली घरांना जिने बाहेरून आहेत. एक तर आतली जागा वाचते, आतला जिना गरम ठेवायचा खर्चही वाचतो. शिवाय घरापुढे थोडं अंगण सोडायचा नियम होता, त्या अंगणात जिना बसवून टाकला. दिसायला झकास, पोस्टकार्डावर छापतात. पण दिवसा उन्हानं बर्फ जरा वितळतो, रात्री तेच पाणी पायरीवर काचेसारखं गोठतं. माझ्यासारखे धडधाकट लोक सकाळी कठडा धरून, तोंडानं रामरक्षा म्हणत उतरतात. तुमच्या सासूबाईंचे गुडघे ठीक आहेत असं म्हणालात, ते तसेच परत न्यायचे असतील तर लिफ्ट असलेली, मेट्रो स्टेशनाला चिकटून असलेली जागा घ्या.

तुम्ही थंडीचा विचार करताय. थंडीचं काही नाही हो, ती कपड्यांनी भागते. विचार घसरण्याचा करा.

मृदगंध

+१. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. उणे १८ मध्ये मस्त फिरलो, आणि उणे १ ला मी आपटले. उणे १८ ला बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकर वाजतो, पाय धरतो. शून्याच्या आसपास सगळा चिखल. चौकात रस्ता ओलांडताना समोर राखाडी, घट्ट जमीन दिसते, पाय टाकावा तर घोट्यापर्यंत गार पाणी. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हा प्रसाद मिळतोच. बूट घोट्याच्या वर येणारे आणि पाणी न शिरणारेच घ्या.

टोरंटोकर

त्यापेक्षा टोरंटोला या की! पाच-सहा डिग्री तरी जास्त असतात, मराठी माणसंही भरपूर भेटतील, आणि दुकानातली बाई फ्रेंचमध्ये काही विचारून घाबरवणार नाही.

थंडोबा

मुलगी मॉन्ट्रियलला आहे, राव. टोरंटोला कोणाला भेटायला येतील, तुम्हाला?

हवामानाचे आकडे सांगून टाकतो. जानेवारीत दिवसा सरासरी उणे ५ च्या आसपास, रात्री उणे १४. मध्येच तीन-चार दिवस उणे २२-२५ ची लाट येते. सूर्य पाच वाजायच्या आत मावळतो, त्यामुळे बाहेरची कामं अकरा ते तीनमध्ये उरकायची. वाऱ्याचा हिशोब वेगळा मांडतात. उणे १५ आणि वर वारा असेल तर अंगाला उणे २५ लागते. हा वाऱ्यासकटचा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गारठून मरू शकते. अशा दिवशी कान-नाक झाकल्याशिवाय बाहेर नाही. इथल्या लोकरी टोपीला 'तूक' म्हणतात, दुकानात हाच शब्द वापरा, खूश होतात.

अबोली_नाशिक

घर रद्द केलं. जीव तुटला, पण केलं. आता डाउनटाउनमध्ये मेट्रोला आतून जोडलेल्या इमारतीत लिफ्टवालं मिळालंय. भाव ऐकून यांनी एक दिवस अबोला धरला होता.

कपड्यांचं सांगा ना कोणीतरी. इथल्या दुकानात उणे २० ची हमी दिलेलं जॅकेट दाखवतायत.

मृदगंध

अशी हमी आम्हीही घेतली होती, दुकानाचं नाव राहू दे. वारा आला आणि हमी उडून गेली. जाड जॅकेट आणि बूट तिथेच घ्या, जानेवारीत सेल असतात. नाहीतर मुलीच्या मित्रमैत्रिणींकडून उसने घ्या, विद्यार्थ्यांकडे जुनी जॅकेटं असतातच. इथून न्यायचं ते आतलं: थर्मलचे दोन-दोन जोड, पातळ लोकरीचे स्वेटर, लोकरीचे मोजे. सुती मोजे नकोत, घामानं ओले झाले की पायाची बर्फी होते.

एकच जाडजूड स्वेटर घालायची आपली सवय मोडा. पातळ पातळ तीन थर करा. कारण बाहेर उणे १५ आणि आत २२. दुकानात शिरलात की पाच मिनिटांत उकडायला लागतं, मेट्रोत तर घाम फुटतो. अर्धी थंडी त्या घामानंच वाजते. आत गेल्या गेल्या टोपी आणि चेन काढायची, हा पहिला नियम.

आणि साडी नेसणार असतील तर आतून थर्मलची पँट, वरून गुडघ्याखाली जाणारा लांब कोट, खाली बूट. माझ्या आई तशाच फिरल्या. निऱ्या फक्त चार बोटं वर खोचायच्या, नाहीतर रस्त्यावरच्या मिठाची पांढरी किनार लागते.

हळदीचं_दूध

थोडं आरोग्याचं. सासूबाईंचा प्रवासी विमा घेतल्याशिवाय विमानात पाऊल नको. तिथे पाहुण्याला इस्पितळाचं पूर्ण बिल स्वतःच्या खिशातून भरावं लागतं, आणि हाड मोडलं तर आकडा ऐकून दुसरं हाड मोडेल. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

दुसरं म्हणजे हवा भयंकर कोरडी. हीटरनं आतली तर आणखीच. नाकातून थोडं रक्त येणं, ओठ फुटणं, दाराच्या कडीला हात लावला की विजेचा बारीक चटका बसणं, याला घाबरू नका. नाकपुडीत रात्री तुपाचं बोट फिरवा. खोबरेल नेलंत तर डबीत गोठूनच बसेल, रुंद तोंडाच्या बाटलीत न्या म्हणजे चमच्यानं काढता येईल.

खवय्या_पंत

शाकाहाराबद्दल. पुतीन हा तिथला मानाचा पदार्थ: बटाट्याचे तळलेले काप, चीजचे गोळे आणि वरून तपकिरी रस्सा. दिसायला निरुपद्रवी, पण तो रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाच्या अर्काचा असतो. शाकाहारी मिळतो, मुद्दाम मागावा लागतो. वाटाण्याचं पारंपरिक सूप म्हणजे आपलं वरणच वाटतं, पण त्यात डुकराचं मांस. घेवड्याच्या उसळीतसुद्धा चरबी असते. उसळ दिसली की हुरळून जाऊ नका.

बेगेल मात्र खा. सेंट व्हिएटर आणि फेअरमाउंट ही दोन जुनी दुकानं शेजारशेजारच्या गल्ल्यांत आहेत, फेअरमाउंट १९१९ पासूनचं. मधाच्या पाण्यात उकडून लाकडाच्या भट्टीत भाजतात. हातात गरम तिळाचं बेगेल, बाहेर बर्फ, अजून काय हवं! पण सासूबाईंना नको, त्या कणकेत अंडं घालतात.

पोटभर जेवायला पार्क एक्स्टेन्शनला जा. निळ्या मार्गावर पार्क किंवा अकाडी स्टेशनाला उतरा. पंजाबी, गुजराती, दाक्षिणात्य सगळं आहे, वाणसामानाची दुकानं आहेत. पोहे, मूगडाळ, हिंग, सगळं मिळतं. नाशकाहून पाच किलो डाळ वाहून नेऊ नका.

रिकामटेकडा

फ्रेंच येत नसेल तर खरंच अडतं का? ऐकून आहे की पाट्या सगळ्या फ्रेंचमध्ये. आपल्याकडे मराठी पाटीसाठी किती रामायण!

थंडोबा

पर्यटकाचं काही अडत नाही. डाउनटाउनच्या दुकानात "बोंजूर, हाय" असं एका दमात म्हणतात. तुम्ही 'बोंजूर' म्हणालात तर फ्रेंच, 'हाय' म्हणालात तर इंग्रजी. आमचा सल्ला, उत्तर 'बोंजूर' द्या आणि मग इंग्रजीवर या. तेवढ्यानं समोरच्याचा चेहरा उजळतो.

पाट्यांचं म्हणाल तर १९७७ च्या कायद्यानं फ्रेंचचं राज्य आलं. गंमत अशी की खुद्द फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल पाटीवर 'स्टॉप' लिहितात, आणि इथे 'आरे'. म्हणजे पुण्याबाहेरच्या माणसानं पुण्यातल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलावं तसं. (पुणेकरांनी शांत राहावं, धागा थंडीचा आहे.)

रिकामटेकडा

शांत आहोत. नोंद करून ठेवली आहे.

टोरंटोकर

ते जमिनीखालचं शहर दाखवा त्यांना. आमच्याकडेही आहे, पण कबूल करतो, तुमचं जास्त गाजलंय.

थंडोबा

हे बरं बोललात. त्याला 'रेझो' म्हणतात. १९६२ मध्ये प्लेस व्हिल मारी ही इमारत झाली तेव्हा तिच्या पोटात दुकानं काढली, तिथून सुरुवात. १९६६ मध्ये मेट्रो आली आणि एकेक इमारत बोगद्यानं जोडत गेली. आता तीसेक किलोमीटर मार्ग झालेत. पण 'शहर' ऐकून भुयारात वसलेलं गाव डोळ्यांसमोर आणू नका. मॉल, ऑफिसांचे तळमजले, स्टेशनं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा, एवढंच आहे. वाट हमखास चुकते. रात्री आणि रविवारी काही दारं बंद असतात. पण सासूबाईंना बर्फाळ दिवशी पाय मोकळे करायला यापेक्षा चांगली जागा नाही.

मेट्रो रबरी टायरांवर धावते आणि अख्खी जमिनीखालून, म्हणून बर्फ पडला तरी थांबत नाही. विमानतळावरून ७४७ नंबरची बस घ्या. त्याच तिकिटावर चोवीस तास बस-मेट्रो फिरता येतं.

एक भीती मात्र खरी आहे, ती 'व्हेर्ग्ला'ची. पाऊस पडतो आणि जिथे पडतो तिथे गोठतो. झाडं, तारा, फुटपाथ, सगळ्यावर काच चढते. १९९८ च्या जानेवारीत पाच-सहा दिवस तसा पाऊस लागला, विजेचे मनोरे वाकून कोसळले, दहा लाखांहून जास्त घरं अंधारात गेली. इथले लोक अजून ते वर्ष 'बर्फाचं वादळ' म्हणूनच सांगतात. तेवढं होणार नाही, पण अंदाजात हा शब्द दिसला तर त्या दिवशी पत्ते खेळा. आणि बुटाखाली बांधायची काटेरी रबरी जाळी मिळते, तिला 'क्रॅम्पॉन' म्हणतात. तिघांना तीन घ्या.

अबोली_नाशिक

सासूबाई हे सगळं वाचून घेतायत माझ्याकडून. म्हणाल्या, "त्या थंडोबाला म्हणावं, पत्ते मी घेतलेत."

(पाच आठवड्यांनी)

अबोली_नाशिक

मंडळी, आलो परत! तीनही हाडामांसाची माणसं शाबूत. वृत्तांत लांबला तर सांभाळून घ्या.

सुरुवातच फजितीनं. आमची एक बॅग विमानानं मागे ठेवली, ती दोन दिवसांनी आली. कंपनीचं नाव घेत नाही. त्याच बॅगेत सगळ्यांचे थर्मल आणि मोजे. तेव्हा पुढे जाणाऱ्यांनो, गरम कपड्यांचा निदान एक जोड अंगावर किंवा हातातल्या बॅगेत ठेवा. लेक विमानतळावर मैत्रिणींची चार जॅकेटं दोन्ही हातांत घेऊन उभी होती म्हणून निभावलं. एक जांभळं होतं, ते यांच्या वाट्याला आलं. नऊ दिवस त्यातच वावरले.

पडलं कोण? तर हेच. तिसऱ्या दिवशी आईंना सांगत होते, "अशी लहान पावलं टाकायची, पेंग्विनसारखी, वजन पुढच्या पायावर," आणि हे दाखवता दाखवताच गेले. वर भुरभुर बर्फ, खाली काच. हातात दुधाची थैली होती, ती मात्र उंच धरलेली. कोपर सुजलं, बाकी काही नाही. क्रॅम्पॉन घरी ठेवले होते, "एवढ्यासाठी काय" म्हणून. आईंच्या बुटांना पहिल्या दिवसापासून होते. त्यांनी वाकून फक्त एवढंच विचारलं, "दूध सांडलं का रे?"

हो, दूध! हे तुमच्यापैकी कोणीच सांगितलं नाहीत. तिथे दूध पिशवीत मिळतं! चार लिटरच्या मोठ्या थैलीत तीन पिशव्या, एक पिशवी प्लॅस्टिकच्या भांड्यात उभी करायची आणि कोपरा कात्रीनं कापायचा. विमानतळापासून आई जरा बावरलेल्या होत्या, सगळंच अनोळखी. दुकानात ती थैली दिसली आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं, इथेही पिशवीचं दूध!" संध्याकाळी त्यांनी स्वतः पिशवी कापली, कापलेला तुकडा पिशवीला लटकता ठेवला, घरी ठेवतात तसाच, आणि त्या क्षणापासून कॅनडा त्यांचा झाला.

मेट्रोची दारं मात्र त्यांना जमली नाहीत. मधल्या खांबावर गिरकी घेणारी ती जड दारं आहेत ना, आतल्या वाऱ्याचा दाब असा की ढकलावं तर हलत नाहीत आणि हलली की माणसाला घेऊन जातात. एकदा आई दारासकट आत गेल्या. मागच्या मुलानं दार धरलं. आईंनी त्याला "बोंजूर" म्हटलं, त्यांना तेवढंच येत होतं.

डोंगरावर गेलो होतो, ११ नंबरच्या बसनं. मों-रोयाल म्हणजे २३३ मीटर, आपल्या डोळ्यांना टेकडीच. पण तिथले लोक 'डोंगर' म्हणूनच बोलतात आणि त्याच्यापेक्षा उंच इमारत शहरात बांधू देत नाहीत. हे ऐकून यांनी नाशकातल्या गंगापूर रोडवरच्या उंच इमारतींकडे बघितल्यासारखा सुस्कारा टाकला. वर तळ्यापाशी लोक टायरमध्ये बसून उतारावरून घसरत होते. लेकीनं आजीला विचारलं, आजी तयार. आम्ही दोघांनी मिळून रोखलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

पण त्यांना सगळ्यात आवडलं ते बोटॅनिकल गार्डनचं काचघर. बाहेर त्या दिवशी उणे १९. पापण्यांवर पांढरे कण जमलेले. आत शिरलो आणि चष्मे धुक्यानं भरले. चष्मा पुसेस्तोवर नाकाला ओल्या मातीचा वास, चिपळूणला त्यांच्या माहेरी जुलैत येतो तसा. एका दालनात ऑर्किडं आणि शेजारी अळूच्या कुळातली झाडं. सगळे लोक ऑर्किडांचे फोटो काढत होते. आई अळवाच्या पानांपाशी. एक पान उलटं करून बघणार तेवढ्यात मी हात धरला. "तोडत नाहीये गं, देठ बघतेय काळा आहे का," म्हणाल्या. पाऊण तास तिथून हलल्या नाहीत. शेजारच्या बायोडोममध्येही गेलो, १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या सायकल शर्यतीच्या इमारतीत आता जंगल वसवलंय. तिथे खरे पेंग्विन बघून आई यांच्याकडे वळून म्हणाल्या, "हे बघ, हे पडत नाहीत."

आणि थंडोबा, एक गोष्ट तुम्हीही सांगायची राहिलात: रात्रीची बर्फ-उचल. दुसऱ्या दिवशी वीसेक सेंटिमीटर पडलं. रात्री अकराला खाली भोंगा वाजायला लागला, आम्हाला वाटलं आग. तर रस्त्यावर राहिलेल्या गाड्या हलवायचा इशारा. मग एक नांगर, त्यामागे बर्फ गिळून सोंडेतून फवारणारं धूड, आणि त्याच्या शेजारून त्याच वेगानं चालणारा ट्रक, सोंडेखाली पाठ धरून. ट्रक भरला की पुढे, मागून दुसरा. फुटपाथवर छोटे ट्रॅक्टर उंदरासारखे पळतायत. आई खिडकीशी खुर्ची घेऊन दीड वाजेपर्यंत बसल्या होत्या. म्हणाल्या, "विसर्जनाची मिरवणूकच की, फक्त ढोल नाहीत."

थंडोबा

व्वा! आम्ही त्या भोंग्याला शिव्या घालतो आणि पायजम्यावर गाडी हलवायला धावतो, त्यामुळे कौतुक सुचलं नाही. तो बर्फ कुठे जातो सांगू? काही गटारात ओततात, बाकीचा ठरावीक मोकळ्या जागांवर नाहीतर जुन्या खाणीत. सेंट मिशेलला एक दगडखाण आहे, तिथे बर्फाचा डोंगर होतो आणि भर उन्हाळ्यातही काळपट ढीग शिल्लक दिसतो.

हळदीचं_दूध

कोपर एक्सरे करून घेतलंत का?

अबोली_नाशिक

नाशकात आल्यावर केलं. नुसता मुका मार. जांभळ्या जॅकेटला मॅचिंग होता.

खवय्या_पंत

मेपल काही चाखलं की नाही?

अबोली_नाशिक

पाकाचा डबा आणलाय, धिरड्याबरोबर खातोय. आई म्हणतात, काकवीची धाकटी बहीण.

थंडोबा

मग तुम्ही चुकीच्या महिन्यात आलात. मार्च-एप्रिलमध्ये इथे शब्दशः गुऱ्हाळं लागतात. रात्री थंडी, दिवसा ऊन, अशा दिवसांत झाडाला रस सुटतो. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक होतो. तो गरम पाक स्वच्छ बर्फावर रेघ ओढल्यासारखा ओततात, दोन मिनिटांत चिकट होतो, मग काडीवर गुंडाळून खायचा. तुमच्या सासूबाईंना हे दाखवलंच पाहिजे.

अबोली_नाशिक

मोठ्यानं वाचून दाखवलं, चूक केली. आई विचारतायत, मार्चात तरी यांच्याकडे बर्फ असतो ना, का गेला असेल?

थंडोबा

असतो. क्रॅम्पॉन टाकून देऊ नका म्हणावं. विशेषतः तुमच्या यांचे.